विसार आणि पूर्ण किंमत: आत्मिक कृपादाने व पुनरुत्थानाची आशा

चंगाई सभेची, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्यासाठी भरवलेल्या सभेची, एखादी चित्रफीत मोबाइलवर फिरू लागली की तिच्याविषयी दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, हा निव्वळ भोंदूपणा आहे आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे हेच. दुसरा म्हणतो, पवित्र आत्म्याचे सामर्थ्य असेच असते, शंका घेणाऱ्याचा विश्वासच कच्चा. व्यासपीठावर कुणी अनोळखी भाषेत मोठमोठ्याने प्रार्थना करीत असतो, कुणी कुबड्या टाकून चालू लागतो, कुणी जमिनीवर कोसळतो. आणि पाहणाऱ्या सामान्य माणसाला, मग तो ख्रिस्ती असो वा नसो, यात ख्रिस्ती शिकवणीचे किती आणि सभेच्या आयोजकांचे किती, हे कळायला मार्ग नसतो. ईस्टरच्या दिवसांत आणखी एका प्रश्नाची भर पडते: मेलेला माणूस पुन्हा उठेल असे हे लोक खरोखर मानतात, की ती नुसती बोलण्याची रीत आहे?

हे दोन प्रश्न वरवर पाहता एकमेकांपासून दूरचे वाटतात. एक चमत्कारांचा, दुसरा मरणानंतरचा. पण बायबलच्या नव्या करारात त्यांची सर्वांत सविस्तर चर्चा एकाच पत्रात आणि जवळजवळ सलग आली आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात येशूचा प्रेषित पौल १२ ते १४ या अध्यायांत आत्मिक दानांविषयी, म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेल्या क्षमतांविषयी, लिहितो आणि १५ व्या अध्यायात पुनरुत्थानाविषयी. हा क्रम मला योगायोग वाटत नाही. दानांविषयीचे बरेचसे गैरसमज पुनरुत्थानाची बाजू सोडून दिल्यामुळेच होतात, आणि ते कसे होतात हे पाहण्यासाठी आधी त्या मंडळीची, म्हणजे ख्रिस्ती समुदायाची, परिस्थिती पाहिली पाहिजे जिच्यासाठी हे पत्र लिहिले गेले.

करिंथमध्ये काय बिघडले होते

ग्रीसमधले करिंथ शहर रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये बेचिराख केले आणि सुमारे शंभर वर्षांनी, इ.स.पू. ४४ मध्ये, जूलियस सीझरने ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवले. दोन समुद्रांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर असल्याने त्याला दोन्ही बाजूंना बंदरे होती. त्यामुळे तिथे पैसा होता, परगावची माणसे होती, मुक्त झालेले गुलाम होते, आणि नव्याने वसलेल्या शहरात असते तशी वर चढण्याची धडपडही होती. पौल इ.स. ५० च्या सुमारास तिथे आला, अक्विला व प्रिस्किल्ला या दांपत्याबरोबर तंबू तयार करण्याचा धंदा करीत दीड वर्ष राहिला आणि त्याने तिथे ख्रिस्ती मंडळी उभी केली. त्याच काळात गल्लियो हा अखया प्रांताचा रोमन अधिपती होता आणि त्याचा उल्लेख डेल्फी येथील एका शिलालेखात मिळाल्यामुळे या तारखा बऱ्याच अंशी पक्क्या धरता येतात.

पुढे तीन-चार वर्षांनी पौल इफिस शहरात असताना ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांकडून त्याला बातमी कळली की करिंथच्या मंडळीत तट पडले आहेत. कुणी स्वतःला पौलाचा म्हणवीत होता, कुणी अपुल्लोस या दुसऱ्या उपदेशकाचा, कुणी केफाचा, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याचा. प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र घ्यायच्या भोजनासाठी, सगळे जमत तेव्हा सुखवस्तू मंडळी आधीच खाऊन-पिऊन मोकळी होत आणि उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. उपासनेत काही जण अन्य भाषांत, म्हणजे स्वतः न शिकलेल्या अनोळखी शब्दांत, बोलत आणि त्यावरून स्वतःला इतरांपेक्षा वरचढ समजत. आणि याच मंडळीतले काही जण म्हणत की मेलेल्यांचे पुनरुत्थान वगैरे काही नाही.

शेवटच्या दोन गोष्टी एकत्र कशा नांदत होत्या, हा खरा विचार करण्याजोगा भाग आहे. आत्म्याच्या सामर्थ्याने भारावलेली माणसेच पुनरुत्थान नाकारत होती काय? अनेक अभ्यासकांचा कयास असा की होय, निदान काही अंशी तसे होते. जे मिळायचे ते सगळे आपल्याला मिळालेच आहे, आता आणखी कशाची वाट पाहायची, अशी त्यांची समजूत झाली होती. पौल चौथ्या अध्यायात त्यांना टोमणाच मारतो: तुम्ही आधीच तृप्त झालात, आधीच धनवान झालात, आम्हाला सोडून राज्यही करू लागलात!

कृपादान म्हणजे काय

आत्मिक कृपादान म्हणजे मंडळीच्या कामासाठी पवित्र आत्मा एखाद्या व्यक्तीला जी क्षमता देतो ती. ही व्याख्या अगदी साधी आहे, पण तिच्यातला प्रत्येक भाग महत्त्वाचा आहे. क्षमता दिलेली आहे, कमावलेली नाही. म्हणून तिचा गर्व करण्यात अर्थ नाही. ती व्यक्तीला मिळते, पण तिचा उपयोग सर्वांच्या हितासाठी आहे. आणि ती देणारा आत्मा आपल्या इच्छेप्रमाणे वाटणी करतो, त्यामुळे अमुक दान प्रत्येकाकडे असलेच पाहिजे असा हट्ट धरता येत नाही. बाराव्या अध्यायाच्या शेवटी पौल एकामागून एक प्रश्न विचारतो: सगळेच प्रेषित आहेत काय? सगळ्यांनाच रोग बरे करण्याचे दान आहे काय? सगळेच अन्य भाषा बोलतात काय? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच त्याला अपेक्षित आहे.

त्याने दिलेल्या यादीत ज्ञानाचे व विद्येचे वचन, विश्वास, रोग बरे करणे, अद्भुत कृत्ये, देवाकडून आलेला संदेश देणे, आत्म्यांची पारख, निरनिराळ्या भाषा बोलणे आणि त्यांचा अर्थ सांगणे अशी नऊ दाने आहेत. पण थोडे पुढे तो आणखी दोन गोष्टी त्याच रांगेत बसवतो: इतरांना साहाय्य करणे आणि व्यवस्था पाहणे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तर शिकवणे, सढळ हाताने देणे आणि आनंदाने दया करणे हीही दानेच आहेत. म्हणजे उपासना संपल्यावर सतरंज्या गोळा करणारी, आजाऱ्याच्या घरी डबा पोहोचवणारी, मंडळीचा जमाखर्च चोख ठेवणारी माणसे या शिकवणीप्रमाणे व्यासपीठावरच्या माणसाइतकीच आत्म्याची दाने वापरत असतात. चित्रफिती अर्थातच त्यांच्या निघत नाहीत.

मंडळी म्हणजे एक शरीर, ही पौलाची प्रसिद्ध उपमा इथेच येते. डोळा हाताला म्हणू शकत नाही की मला तुझी गरज नाही; आणि जे अवयव दुबळे वाटतात तेच अधिक आवश्यक असतात. त्या काळी राज्यकारभारावरच्या भाषणांत शरीराची उपमा वापरली जाई, ती बहुधा खालच्यांनी वरच्यांशी बंड करू नये हे सांगण्यासाठी. पौल तीच उपमा उलट्या दिशेने वापरतो आणि वरचढ समजणाऱ्यांना खाली पाहायला लावतो.

आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. दान आणि फळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन यांना आत्म्याचे फळ म्हटले आहे. दान हे कुणाच्याही पवित्रपणाचे प्रमाणपत्र नव्हे. येशूच्या नावाने अद्भुत कृत्ये केली असे सांगणाऱ्या काहींना शेवटच्या दिवशी मी तुम्हाला कधी ओळखलेच नाही असे उत्तर मिळेल, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच म्हणतो. म्हणूनच दानांच्या चर्चेच्या ऐन मध्यावर तेरावा अध्याय येतो, जो आपल्याकडे लग्नाच्या उपासनेत हमखास वाचला जातो आणि त्यामुळे तो नवरा-बायकोच्या प्रेमाविषयी आहे असा समज होऊन बसला आहे. तो मुळात भांडणाऱ्या मंडळीला उद्देशून आहे. देवदूतांच्या भाषा येत असल्या आणि प्रीती नसली तर माणूस म्हणजे नुसती झणझणणारी झांज, हे अन्य भाषांची मिरवणूक काढणाऱ्यांना सांगितलेले आहे.

समजणारे पाच शब्द

अन्य भाषा बोलणे म्हणजे प्रार्थनेच्या वेळी स्वतः न शिकलेल्या, बहुधा स्वतःलाही न समजणाऱ्या शब्दांत बोलणे. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात पेन्टेकॉस्ट या यहुदी सणाच्या दिवशी येशूचे शिष्य बोलू लागले तेव्हा देशोदेशींच्या यहुद्यांना आपापली भाषा ऐकू आली. करिंथमधला प्रकार वेगळा दिसतो, कारण तिथे कुणीतरी अर्थ सांगितल्याशिवाय कुणालाच काही कळत नव्हते.

पौल या दानाला बंदी घालत नाही. मी तुम्हा सर्वांपेक्षा अधिक अन्य भाषांत बोलतो, असेही तो सांगतो. पण मंडळीत अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द बोलणे मला बरे वाटते, असे म्हणून तो नियम घालून देतो: दोघांनी, फार तर तिघांनी, तेही एकेकाने बोलावे, कुणीतरी अर्थ सांगावा, अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने मंडळीत गप्प राहावे. संदेश देणाऱ्यांनीही आळीपाळीने बोलावे आणि बाकीच्यांनी त्याची पारख करावी. हे नियम डोळ्यांसमोर ठेवून एखादी सभा पाहिली तर शेकडो लोक एकाच वेळी ओरडत असणे आणि संदेश देणाऱ्याला प्रश्न विचारण्याची कुणाची प्राज्ञा नसणे, हे ज्या पत्राचा आधार घेतला जातो त्या पत्रालाच धरून नाही, हे कुणाच्याही लक्षात येईल. बाहेरचा माणूस आत आला तर तुम्ही वेडे आहात असे तो म्हणणार नाही काय, हा प्रश्न पौलाने स्वतःच विचारून ठेवला आहे.

केडगावचा मुक्ती मिशन

या विषयात महाराष्ट्राचा भाग लहान नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसमधील अझुसा स्ट्रीट येथे १९०६ साली विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सभा आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या आधुनिक पेन्टेकॉस्टल चळवळीचा उगम मानल्या जातात. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९०५ च्या जूनअखेर, पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवनाची, म्हणजे धार्मिक जागृतीची, मोठी लाट आली होती. वेल्समधल्या आणि खासी टेकड्यांतल्या जागृतीच्या बातम्या ऐकून रमाबाईंनी प्रार्थनेचे गट सुरू केले होते. त्यात सामील झालेल्या होत्या दुष्काळातून आणि वैधव्यातून वाचवलेल्या मुली व बाया. पापांची कबुली, रडणे, तासन्‌तास प्रार्थना, आणि पुढे अन्य भाषांत बोलणे, असे त्याचे स्वरूप होते. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स यांनी या अनुभवांवर लिहिलेली पुस्तिका चिलीतील वाल्पाराइसो येथे त्यांच्या मैत्रिणीच्या हाती पडली आणि १९०९ साली तिथे सुरू झालेल्या चळवळीला तिने चालना दिली. केडगावची हवा अशी दक्षिण अमेरिकेपर्यंत पोहोचली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असेही चौदाव्या अध्यायात लिहिलेले आहे आणि ते वाक्य पुढे करून आजही बायकांना गप्प केले जाते. पण त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्रिया प्रार्थना करतात व संदेश देतात हे पौलाने गृहीत धरले आहे, म्हणून त्या वाक्याचा आवाका किती यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मुक्तीत तो प्रश्न कृतीनेच सुटला होता.

मला मात्र मुक्तीतील दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटते. जिथे अन्य भाषांत प्रार्थना होत होती, तिथेच रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकून, सामान्य बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर करीत होत्या. मुक्तीच्या छापखान्यात मजकूर जुळवणाऱ्या आणि छापणाऱ्या तिथल्याच बाया होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या तेव्हा ते काम नुकतेच हातावेगळे झाले होते. समजणाऱ्या पाच शब्दांसाठी इतके कष्ट कुणी घेतले असतील तर ते याच घरात.

पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे

आता पंधराव्या अध्यायाकडे वळू. पुनरुत्थान म्हणजे मेलेल्या माणसाला देवाने शरीरासह नव्या, नाश न पावणाऱ्या जीवनात उठवणे. मराठी वाचकाला हे पुनर्जन्मासारखे वाटण्याची शक्यता आहे, पण दोन्हींत मूलभूत अंतर आहे. पुनर्जन्मात आत्मा दुसरे शरीर धारण करतो आणि चक्र पुढे चालू राहते. पुनरुत्थानात तीच व्यक्ती, तिच्याच नावानिशी आणि इतिहासानिशी, एकदाच आणि कायमची उठवली जाते. लाजराला येशूने कबरेतून बाहेर बोलावले तेही या अर्थाने पुनरुत्थान नव्हे, कारण लाजर पुढे पुन्हा मरणारच होता.

आत्मा अमर आहे आणि शरीर हे तुरुंगासारखे आहे, या ग्रीक विचाराशीही ही शिकवण जुळत नाही. करिंथमधल्या काहींना प्रेताचे पुन्हा उठणे किळसवाणे वाटले असावे, आणि अथेन्समध्ये तर पौलाने पुनरुत्थानाचे नाव काढताच काही जण थट्टा करू लागले होते. यहुद्यांतही मतभेद होताच: परूशी हा पंथ पुनरुत्थान मानत असे, सदूकी हा पंथ मानत नसे. ही आशा पहिल्यांदा बळावली ती छळाच्या काळात. देवाशी एकनिष्ठ राहिल्याबद्दल ज्यांची शरीरे छिन्नविच्छिन्न केली गेली, त्यांना न्याय मिळायचा तर तो त्या शरीरांनाही मिळाला पाहिजे, हा तिच्यामागचा विचार होता.

उठलेले शरीर कसे असेल, या प्रश्नाला पौल दाण्याच्या दृष्टांताने उत्तर देतो. गव्हाचा दाणा पेरला जातो आणि उगवते ते वेगळ्या रूपाचे रोप, तरी ते त्याच दाण्याचे असते. प्राणमय शरीर पेरले जाते, आध्यात्मिक शरीर उठवले जाते, असे तो म्हणतो. आध्यात्मिक म्हणजे हवेचे किंवा भुताटकीचे नव्हे, तर देवाच्या आत्म्याने जिवंत ठेवलेले. आणि या सगळ्याचा पाया येशूच्या पुनरुत्थानावर आहे: पीक येणार याची खूण म्हणून जशी पहिली पेंढी देवाला अर्पण करीत, तसा ख्रिस्त हा झोपी गेलेल्यांतले प्रथमफळ.

याला पुरावा काय?

प्रयोगशाळेतला पुरावा अर्थातच नाही. पौल साक्षीदारांची यादी देतो: केफा, बारा जण, एकाच वेळी पाचशेहून अधिक बांधव, ज्यांपैकी बहुतेक अजून हयात आहेत, मग याकोब, सर्व प्रेषित आणि शेवटी मी. वधस्तंभाच्या घटनेनंतर पंचवीस वर्षांच्या आत हे लिहिले गेले, आणि मला जे मिळाले तेच मी तुम्हाला सोपवले असे तो म्हणतो, त्यामुळे मूळ मजकूर आणखी जुना असणार, याविषयी इतिहासकारांत फारसा वाद नाही. पहिल्या शिष्यांची तशी खात्री होती हे इतिहास सांगू शकतो. ती खात्री खरी होती काय, याचे उत्तर शेवटी विश्वासाच्या प्रांतात जाते. पौलाने मात्र पळवाट ठेवलेली नाही. ख्रिस्त उठलेला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ, तुमचा विश्वास व्यर्थ, आणि सर्व माणसांत आम्हीच अधिक कीव करण्याजोगे, हे त्याने स्वच्छ लिहून ठेवले आहे.

दोन्ही गोष्टी जोडणारा विसार

दाने आणि पुनरुत्थान यांना जोडणारा दुवा पौलाच्या इतर पत्रांत सापडतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पवित्र आत्म्याला विसार म्हटले आहे. ज्याने गावाकडे जमिनीचा किंवा शहरात फ्लॅटचा सौदा केला आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. सौदा ठरला की घेणारा काही रक्कम देतो, विसारपावती होते. ती रक्कम खरीखुरी असते, नकली नसते. एकूण किमतीतूनच ती वजा होते. दिल्यावर देणारा बांधला जातो. पण विसार हातात आला म्हणून सगळी किंमत पदरात पडली असे समजून विकणारा खर्च करू लागला, तर त्याची फजिती ठरलेली.

करिंथकरांचे नेमके हेच झाले होते. आत्म्याची दाने हा येणाऱ्या जीवनाचा खरा, पण थोडासा भाग आहे. आपल्याला आत्म्याचे प्रथमफळ मिळाले असूनही आपण शरीराच्या मुक्तीची वाट पाहत कण्हत आहोत, असे रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे. तेराव्या अध्यायातही हेच आहे: संदेश संपतील, भाषा बंद पडतील, आता आरशात अंधुक दिसते, पुढे समोरासमोर दिसेल. एक बरा झालेला आजारी माणूस ही पुनरुत्थानाची चुणूक असू शकते, पण तोही पुढे कधीतरी मरणारच. जो उपदेशक आजच, इथेच, प्रत्येकाला पूर्ण आरोग्य आणि बरकत मिळेल अशी हमी देतो, तो विसार दाखवून पूर्ण किमतीची पावती फाडत असतो.

'ही दाने प्रेषितांबरोबरच संपली ना?'

प्रोटेस्टंट परंपरेतल्या काहींचे उत्तर होय असे आहे. अद्भुत दाने प्रेषितांच्या शिकवणीवर शिक्कामोर्तब करण्यासाठी होती आणि ते काम झाल्यावर थांबली, अशी मांडणी अमेरिकन धर्मपंडित बी. बी. वॉरफील्ड यांनी १९१८ साली सविस्तर केली. चौथ्या शतकात योहान ख्रिसोस्तोम या प्रसिद्ध प्रवचनकारांनाही बाराव्या अध्यायावर प्रवचन करताना, यातले प्रकार आता घडत नसल्यामुळे हा भाग फार दुर्बोध झाला आहे, असे म्हणावे लागले होते.

चौथ्या-पाचव्या शतकातले धर्मपंडित ऑगस्टीन यांचे उदाहरण अधिक रंजक आहे. तरुणपणी त्यांचेही मत असेच होते. पण आयुष्याच्या संध्याकाळी, हिप्पो शहराचे बिशप असताना, आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथाच्या अखेरच्या भागात त्यांनी त्यांच्या परिसरात लोक बरे झाल्याच्या हकिकती एकामागून एक नोंदवल्या आणि दोन वर्षांहून कमी काळात हिप्पोतच अशा सुमारे ७० लेखी नोंदी झाल्याचे सांगितले. विशेष म्हणजे ग्रंथाचा तो भाग शरीराच्या पुनरुत्थानावर आहे. बरे होणे ही त्यांच्या दृष्टीने पुनरुत्थानाची साक्ष होती, स्वतंत्र कार्यक्रम नव्हता.

कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ साली, असामान्य आणि साधी अशी दोन्ही प्रकारची दाने कृतज्ञतेने स्वीकारावीत, पण असामान्य दानांच्या मागे उतावीळपणे लागू नये, असे म्हटले. १९६७ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथून कॅथलिकांतली करिस्मॅटिक, म्हणजे आत्म्याच्या दानांवर भर देणारी, चळवळ सुरू झाली. पुढे २००० साली रोमने आरोग्यासाठीच्या प्रार्थनांविषयी सूचना काढून अशा प्रसंगी उन्माद, कृत्रिमपणा, नाटकीपणा आणि सनसनाटी यांना थारा देऊ नये असे बजावले. चळवळ मान्य आणि तमाशा अमान्य, हे धोरण मला पौलाच्या चौदाव्या अध्यायाच्या सर्वांत जवळचे वाटते.

'विश्वास पुरेसा असता तर बरा झाला असता'

आजारी माणसाच्या घरच्यांना हे वाक्य ऐकवण्याइतके क्रूर दुसरे काही नाही, आणि त्याला पत्रांत आधारही नाही. त्रफिमाला मी आजारी असता मिलेतात ठेवून आलो, असे पौलाच्या नावाच्या पत्रात लिहिले आहे. तीमथ्याला पोटाच्या आणि वरचेवरच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला आहे, चंगाई सभेला जाण्याचा नाही. एपफ्रदीत मरणाच्या दारात पोहोचला होता. खुद्द पौलाने आपल्या शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली आणि उत्तर मिळाले ते, माझी कृपा तुला पुरे आहे, एवढेच. या चौघांचा विश्वास कमी होता असे म्हणण्याची कुणाची छाती नाही.

डॉक्टरकडे जाणे म्हणजे अविश्वास, असेही काही ठिकाणी शिकवले जाते. ज्या धर्माने मिरज आणि वेल्लोर येथे नावाजलेली रुग्णालये उभी केली त्याच्या नावाने असे सांगणे विचित्रच आहे. शिवाय महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणे व पैसे उकळणे त्यात गुन्हा आहे, आणि साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही. आजाऱ्यासाठी प्रार्थना करण्याला हा कायदा आड येत नाही.

'शरीर जळाले, मातीत मिसळले, तर उठणार काय?'

हा आक्षेप फार जुना आहे. इ.स. १७७ मध्ये गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) ल्योन येथे मारल्या गेलेल्या ख्रिस्ती लोकांची प्रेते जाळून राख ऱ्होन नदीत टाकली गेली, ती त्यांची पुनरुत्थानाची आशा मोडावी म्हणूनच. ख्रिस्ती लेखकांचे उत्तर तेव्हापासून एकच आहे: ज्याने नसलेल्यातून निर्माण केले त्याला विखुरलेले पुन्हा उभे करणे अवघड नाही. आशा कणांच्या हिशेबावर नाही, देवाच्या आठवणीवर आहे. म्हणूनच कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली. दफनाला पसंती आजही आहे, पण ती शरीराविषयीच्या आदरापोटी. मुंबईत दफनभूमींची जागा अपुरी पडते, काही वर्षांनी तीच कबर पुन्हा वापरतात आणि अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, तरी कुणी पुनरुत्थानाची चिंता करीत बसत नाही. २ नोव्हेंबरला वसईच्या दफनभूमींत फुले आणि मेणबत्त्या घेऊन येणारी कुटुंबे कबर कुणाची हे नावानिशी ओळखून येतात. शिकवणीचा रोख त्या नावांवर आहे.

'मरणानंतरच्या आशेने माणूस या जगाकडे पाठ फिरवत नाही का?'

फिरवतोही. थेस्सलनीका येथील काहींनी येशू येणारच म्हणून कामधंदा सोडला होता, आणि ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये, असे त्यांना सुनावावे लागले. पण पंधराव्या अध्यायाचा शेवट पाहिला तर रोख उलटा आहे. मेलेले उठत नसतील तर खा, प्या, कारण उद्या मरायचे आहे, हाच शहाणपणा ठरतो, असे पौल मध्येच म्हणून जातो. आणि मरणा, तुझा विजय कोठे आहे, असे आव्हान दिल्यावर त्याचे शेवटचे वाक्य श्रमांविषयी आहे: प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. शरीर उठणार असेल तर शरीराचे काय होते याला किंमत आहे, मग ते शरीर उपाशी असो, आजारी असो की मारलेले असो.

आणि पुढच्याच ओळीत, सोळाव्या अध्यायाच्या आरंभी, पैशाचा विषय येतो. यरुशलेममधल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करायची होती. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या कमाईप्रमाणे काही बाजूला ठेवावे, म्हणजे मी आल्यावर गोळा करायची धावपळ नको, असे पौल सांगतो. भरलेल्या सभेत, डोळ्यांत पाणी असताना, झोळी फिरवण्याची रीत त्याने टाळली. जमलेली रक्कम पोहोचवणारी माणसेही करिंथकरांनीच पारखून नेमायची होती. पौल त्यांना पत्रे देणार होता, आणि जाणे योग्य वाटले तरच स्वतः त्यांच्याबरोबर जाणार होता.